भांडगावच्या पाहुण्यांनी न पाहिलेली बाग

पुतळा,

चष्मा सापडत नाही हे कारण सांगू नकोस. तुला वाचता येतं. सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुठल्या चिन्हावर उभा आहे हे तूच सगळ्या आळीला वाचून दाखवायचीस. हे पत्रही स्वतःच वाच. पृथ्वीराजच्या हातात देऊ नकोस.

परवा केंदूरला बारशात आपण एकाच सतरंजीवर बसलो होतो. पलीकडची एक बाई म्हणाली, "पृथ्वीराजनं त्या साली व्हॉल्व्ह उघडा ठिवला आन् बहार घालवला. पोरगं गुणाचं हाय, पण ध्यान न्हाई." तू सुपारी कातरत होतीस. कातरत राहिलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे हे तुला कळलं, तेव्हा म्हणालीस, "च्या घ्या की वन्सं, निवतोय."

मी तिथंच ठरवलं की हे लिहायचं, आणि तुझ्यामाझ्यापुरतं ठेवायचं नाही. पाणी पृथ्वीराजनं सोडलं नव्हतं. पाणी तू सोडलंस. त्यात त्याचं लग्न अडकलं आणि अजून अडकलेलंच आहे. तू बोलत नाहीस म्हणून मी बोलते. राग आला तर शिरूरला ये आणि तोंडावर बोल.

आता तुला जरा बाजूला ठेवते, कारण वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस.

पुतळाबाई माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची बायको. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, उसाचं. तिकडं बाराही महिने डोळ्यांना हिरवं दिसतं. लग्न होऊन ती केंदुरात आली तेव्हा आमच्याकडं बाजरी आणि धोंडे याखेरीज दाखवण्यासारखं काही नव्हतं. वेळ नदी तेव्हाही पावसाळ्यापुरतीच वाहायची. तिचा बाप मांडवातच म्हणाला होता, "पोर माळाला दिली." हे तिनं ऐकलं होतं. ती ते कधी विसरली नाही आणि आम्हालाही तिनं विसरू दिलं नाही.

माझा भाऊ हौसराव बोलका. गावातली मीटिंग त्याच्यावाचून सुरू व्हायची नाही आणि शेतातलं काम त्याच्यावाचून अडायचं नाही. विहीर खणली ती पुतळानं मागं लागून. डाळिंब लावायचं तिनंच ठरवलं. लोक कांद्याच्या नादात होते तेव्हा हिनं मुरमाड तुकडा निवडला, खड्डे घेतले आणि पहिल्या उन्हाळ्यात एकेका रोपाला डोक्यावरच्या हंड्यानं पाणी घातलं. हौसराव तेव्हा पारावर ठिबक सिंचनाचं महत्त्व सांगत होता. तो गेला तेव्हा बाग फळावर आलेली होती. पुतळा बाराव्यापर्यंत रडली आणि तेराव्याला फवारणीचं सामान आणायला पाबळला गेली. मला ते आवडलं होतं. अजूनही आवडतं.

पण एक खोड तिची पहिल्यापासून. तडकलेली, डाग पडलेली फळं नातेवाइकांना. निवडक, तांबडंलाल फळ परक्याला. मी एकदा विचारलं, "मी काय पाप केलंय गं?" तर म्हणाली, "तुम्ही घरच्या. तुम्ही काय नावं ठेवणार?" नावं कोण ठेवील या हिशेबावर ही बाई जगली. माळाला दिलेल्या पोरीनं माळ हिरवा करून दाखवला, पण ज्यांना दाखवायचा ते बघायला कधी आलेच नाहीत, असं तिच्या मनात कायम राहिलं असावं. असावं म्हणते. ती असलं काही बोलणारी नव्हे.

पृथ्वीराज तिचा एकुलता. डिप्लोमा झालेला. रांजणगावला कंपनीत वर्षभर जाऊन परत आला आणि बागेत उतरला. आईपेक्षा कमी बोलतो, आईइतकंच काम करतो. वय तिशीच्या पुढं गेलं. आमच्या भागात शेती करणाऱ्या पोरांचं आता काय चाललंय ते मी नव्यानं सांगायला नको. पोरीच्या बापाच्या स्वतःच्या घरी चार गाई आणि नांगर असतो, आणि तो विचारतो, "मुलगा कंपनीत पर्मनंट आहे का?" बाग, विहीर, बंगला, सगळं विचारून झाल्यावर पुन्हा तेच विचारतो. मी विमा कंपनीच्या ऑफिसात आयुष्य काढलं. पर्मनंट माणसं किती सुखी असतात ते मला विचारावं. पण मला कोण विचारतं.

पाणी सोडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात एक स्थळ आलं होतं, दौंडकडचंच. पाहुणे घर बघायला आले ते नेमके ताणात.

हा ताण काय ते सांगितलं पाहिजे. डाळिंबाला फुलवायचं तर आधी उपाशी मारावं लागतं. महिना-दीड महिना पाणी पूर्ण तोडायचं. पानं पिवळी पडून गळतात, झाडाच्या नुसत्या काटक्या उरतात. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. तेव्हा झाड मरणाच्या भीतीनं कळी काढतं. ताण मध्येच मोडला तर झाड निवांत होतं, पाला काढतं, कळी काढत नाही, आणि वर्ष पाल्यावरच जातं. आमच्याकडं हे शेंबडं पोरही सांगतं. उसाच्या गावात ते म्हाताऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण त्यांच्याकडं पाणी तोडतात ते फक्त कालव्याचं आवर्तन संपल्यावर, आणि तेव्हा ते मोर्चा काढतात.

तर त्या पाहुण्यांतल्या बाईनं बाग बघितली आणि दबक्या आवाजात विचारलं, "बोअर आटली का वो?" पुतळानं ताण समजावून सांगितला. बाई "हं, हं" करत राहिली, आजारी माणसाच्या घरी करतात तसं. आठवड्यानं निरोप आला. पाण्याचं स्थळ नाही, म्हणाले. पुतळाच्या विहिरीला तेव्हा हात घालून घेता येईल एवढं पाणी होतं.

पुढच्या हिवाळ्यात ज्योतिबा आप्पांनी भांडगावचं स्थळ आणलं. ज्योतिबा आप्पा सोयरिकी जुळवतात. गुडघे गेलेत, पण मोबाइलवरून अजून निम्मा तालुका लग्नाला लावतात. मुलगी अंकिता, बी.कॉम., हायवेवरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला. वडील आनंदराव. आधी आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो, मी, पुतळा आणि पृथ्वीराज. आनंदरावांनी सगळं शिवार हिंडवलं. ऊस, कालवा, बांधावरची चिकूची झाडं. एकेका चिकूपाशी थांबून तो कुणी लावला ते सांगितलं. पुतळा प्रत्येक झाडाला हात लावून बघत होती. तिच्या माहेरच्या मुलखातलीच माती होती ती. परतताना गाडीत म्हणाली, "वन्सं, आपली बाग यांनी बघितली पायजे. चिकू काय, आपोआप येतो."

मुलगी मला आवडली. चिकूखाली उभं राहून तिनं पृथ्वीराजला सरळ विचारलं, "कंपनी का सोडली?"

तो म्हणाला, "लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागायचं."

"आणि बागेत?"

"बागेत कुणाला विचारायचं? झाडं हायेतच."

ती खळखळून हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की मी तिथंच उभी आहे. आमच्या पृथ्वीराजनं असं काही बोलून कुणाला हसवलेलं मी पूर्वी बघितलं नव्हतं.

भांडगावकरांनी आमच्याकडं यायचा रविवार ठरला. पुन्हा ताणातच. पुतळानं जेवण टाकलं. पृथ्वीराज म्हणाला, "येऊ दे की. मी सांगतो त्यांना."

"गेल्या साली मी सांगितलं न्हवतं व्हय?"

"मग काय करू? पानं चिकटवू?"

"तुला चेष्टा सुचतीय."

"आई, बाग हाय ती. मांडव न्हाई."

त्याच आठवड्यात तो कांदा घेऊन चाकणला गेला. मी पाहुण्यांच्या तयारीसाठी म्हणून केंदुरात येऊन राहिले होते. दुपारी दिवसाची लाइट आली आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, कांद्याला पाणी. मागं गेले तर ठिबकच्या नळ्या डाळिंबाखाली ओल्या होत होत्या.

"पुतळा, काय करतेस?"

"तुम्ही आत बसा, वन्सं. ऊन लागंल."

मी स्टार्टरच्या पेटीकडे निघाले. ती माझ्याआधी जाऊन पेटीला पाठ लावून उभी राहिली. साठीची बाई, पण धक्का देऊन बाजूला करता येणार नाही अशी. मी म्हटलं, "तुला शिकवायला हवं का मी? तूच मला शिकवलंस हे."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"भांडगावच्या बाया ताण बघाया येत न्हाईत. पानं बघाया येतात. मी त्यातलीच हाय, मला ठाऊक हाय त्यांची नजर."

लाइट जाईपर्यंत तिनं पाणी चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पृथ्वीराज आला, चप्पल न काढता बागेत गेला. उकिडवा बसून त्यानं झाडाच्या बुडातली मूठभर माती उचलली, दाबली. गोळा झाला. तो हातात तसाच धरून पृथ्वीराज ओसरीवर आला.

"ताण मोडला. कुणी सोडलं?"

"मी," पुतळा म्हणाली. तेव्हा खरं बोलली, हे लिहून ठेवते.

"चार घटका पाहुणे बसणार, त्यासाठी वरसाची बाग?"

"बाग पुढल्या वरसाला पुन्हा येईल. तुझं काय? अजून दोन वरसं गेली की पोरीकडचे फोनसुदीक उचलायचे न्हाईत."

मातीचा गोळा त्यानं ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि हात धुवायला गेला. मी त्या पोराला दोष देत नाही, पण त्यानं त्या दिवशी भांडायला हवं होतं. आमच्या घरातले पुरुष एक तर पारावर बोलतात, नाही तर बोलतच नाहीत.

रविवारपर्यंत बागेला खरोखरच पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत, उन्हात चमकणारी. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. पुतळानं बागेतली वाट झाडून घेतली, पाणी मारलं, दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या.

पाहुणे भर बारा वाजता आले, दोन गाड्या भरून. आनंदरावांची बहीण उंच टाचांची चप्पल घालून आली होती आणि अंगण ओलांडतानाच ती वैतागली. पोहे झाले, चहा झाला. पुतळा म्हणाली, "आधी बाग बघून घ्या." आनंदराव म्हणाले, "बघू की, काय घाई." जेवणं झाली. पाण्याचं, रस्त्याचं, नात्यागोत्याचं बोलणं झालं. पृथ्वीराजला त्यांनी जवळ बसवून बरंच विचारलं, आणि त्यानं, तो घुम्या माणूस, चांगली उत्तरं दिली. पुतळा दाराच्या चौकटीत उभी. पुन्हा म्हणाली, "बाग मागंच हाय. हाकेच्या अंतरावर." अंकिताची ती आत्या म्हणाली, "अगं बाई, ह्या उन्हात?" आनंदराव खिशातून फोन काढत म्हणाले, "आन् बघायचं काय त्यात? आप्पांनी फोटो धाडलेत की. हे बघा. केवढाली फळं."

ते मागच्या हंगामाचे फोटो होते. झाडं फळांनी वाकलेली. फोन हातोहात फिरला, सगळ्यांनी बाग बघितली आणि "कळवतो" म्हणून गाड्या गेल्या.

पुतळा मागं जाऊन त्या दोन खुर्च्या उचलून घेऊन आली. मी तिला काही बोलले नाही. मला बोलता आलं असतं.

माघाच्या सुमाराला आसपासच्या बागा लाल कळीनं भरल्या. आमच्या बागेत पाला, दाट, हिरवागार, आणि कळी शोधून सापडेल तेवढी. डाळिंबवाल्यांचा एक ग्रुप आहे. कळीच्या दिवसांत ते एकमेकांच्या बागा बघत हिंडतात, शिवारफेरी म्हणतात. ते आमच्याकडं आले. त्यांचा म्होरक्या भारत. त्यानं एक फांदी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "ताण मोडलाय हिचा. पाणी कुणी सोडलं?"

माणसं उभी होती. पृथ्वीराज उभा होता. तो आईकडं बघत होता. मी ताकाचं भांडं घेऊन पायरीवर होते. या सगळ्यांना आजवर पुतळानंच शिकवलेलं. "काकू, आता पाणी सोडू का?" म्हणून हे फोन करायचे.

पुतळा म्हणाली, "पोरानं व्हॉल्व्ह नीट आवळला न्हाई. ठिबकत ऱ्हायलं."

कुणी तरी हसलं. भारत म्हणाला, "काय रे पृथ्वी, लग्नाच्या नादात का?" पृथ्वीराजनं खाली बघितलं आणि तोही थोडा हसला. बस्स. एवढंच झालं.

नंतर मी तिला आत धरलं. तिचं उत्तर तयार होतं. "मी सोडलं म्हणलं तर म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. उद्या कोण विचारील मला? पोरगं तरणं हाय. तरण्याची चूक लोकं विसरत्यात." गणित अगदी बिनचूक वाटत होतं. ते चुकलं एवढंच.

भारतची बहीण यवतला दिलेली. यवत ते भांडगाव म्हणजे एकाच अंगणातली दोन दारं. पंधरवड्यात ज्योतिबा आप्पा स्वतः आले, गुडघे धरत, रिक्षातून. ओसरीवर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "आनंदराव होकारच देणार होते. पोरगी हटून बसली होती, ह्याच्याशीच करीन म्हणून. बागेचं त्यांना काही पडलं नव्हतं. पोराचं बोलणं आवडलं होतं. पण आता म्हणत्यात, शेतकऱ्याला पोरगी द्यायची आन् त्याला एक व्हॉल्व्ह बंद ठिवता येत न्हाई, तर मी कुणाच्या जिवावर द्यायची?"

पृथ्वीराज अंगणात फवारणीचा पंप धूत होता. त्यानं ऐकलं. "बरं आप्पा," म्हणाला, आणि नळीतून पाणी जातंय का ते उजेडाकडं धरून बघत राहिला.

पुतळा आत गेली ती चुलीपाशी बसली. चूल पेटलेली नव्हती.

मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. अजून काही बिघडलेलं नाही. मी गाडी करते. भांडगावला जाऊ. तू जास्त काही बोलू नकोस, 'पाणी मी सोडलं' एवढं म्हण, बाकीचं मी बघते. ती "व्हय" म्हणाली. अगदी लगेच म्हणाली. मी एकटीच जाऊन सांगते, असंही मी म्हटलं होतं. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं तर मी लबाड ठरते. मी सांगितलं तर निदान मी सांगितलं असं तरी हुतं." हे खरं होतं. आणि पृथ्वीराजनं मला वेगळं गाठून सांगितलं, "आत्या, तुम्ही जाऊ नका. आईला खोटं पाडून बायको आणली तर त्या दोघी एका घरात कशा ऱ्हातील? आई सांगत आसंल तर सांगू द्या." हेही खरं होतं. या घरात सगळे खरं बोलतात, फक्त जिथं बोलायला पाहिजे तिथं नाही.

तर पुतळा, आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, कारण पुढचं तुला आणि मलाच माहीत आहे.

पहिल्यांदा मी गाडी ठरवली तेव्हा तुझ्याकडं कांदा काढायला बाया आलेल्या होत्या. दुसऱ्यांदा अमावास्या होती. तिसऱ्यांदा तुझी पाठ धरली. मी तुझ्या कारणांचा कंटाळा केला नाही, कारण प्रत्येक वेळी तू पुढचा वार स्वतः सांगायचीस. अंकिताचं कुठं ठरत नव्हतं. ज्योतिबा आप्पा म्हणायचे, पोरगी येईल त्याला नाही म्हणतेय. कुणाची वाट बघत होती ती? तुझ्या तोंडातून तीन शब्द निघण्याची.

चैत्रात एकदाची तू गाडीत बसलीस. चांगलं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन. त्या साली बागेत आली तेवढी फळं अजून कच्चीच होती, म्हणून पिशवीत विकतची द्राक्षं होती. शिक्रापूर गेलं, न्हावरे गेलं, तू काही बोलली नाहीस. मी मनात म्हटलं, पाठ करतेय. पारगावच्या अलीकडं ज्योतिबा आप्पांचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. आनंदरावांनी काल सुपारी फोडली, म्हणाले. मुलगा कंपनीत पर्मनंट.

मी तुझ्याकडं बघितलं. तुला रडू येईल असं मला वाटलं होतं. तू सीटला मागं टेकलीस आणि श्वास सोडलास, पुतळा. देवळातून बाहेर आल्यावर चप्पल जागेवर दिसली की माणूस सोडतो तसा. मी ते बघितलंय. नाही म्हणू नकोस.

मग म्हणालीस, "आता जाऊन काय उपेग?"

मी म्हटलं, "उपयोग आहे. पोरगी गेली, पण पोराच्या नावावरचं तरी जाईल. उद्या दुसरं स्थळ येईल, तेही कुणाला तरी विचारेलच. एवढं आलोच आहोत. पूल ओलांडला की अर्ध्या तासावर भांडगाव."

समोर पूल दिसत होता, खाली भीमेचं पाणी, काठानं ऊस. तुझ्या माहेरचा तो सगळा मुलूख. तू काचेतून तिकडं बघितलंस.

"दुसऱ्याच्या सुपारीच्या टायमाला आपुन कशाला? लोक काय म्हणतील? लगीन हुंदे त्यांचं, मग जाऊ."

"कधी?"

"जाऊ की. मी कुठं न्हाई म्हणतीय?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. गाडी मी केली होती, पण मान तू हलवलीस, आणि त्यानं पुलाच्या तोंडाशी गाडी माघारी वळवली. अंकिताच्या लग्नाला आता दोन वर्षं झाली. पृथ्वीराज रांजणगावला पुन्हा कंत्राटावर जातो, सेकंड शिफ्टला, आणि सकाळी बाग बघतो. आपण भांडगावला गेलो नाही.